घोगरे हात

९ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

व्हिडिओ कॉल तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हे कागदी प्रकरण. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. चॉकलेटचे कागदसुद्धा सरळ करून पुस्तकात ठेवणारा माणूस तू.

अक्षर बघून हसू नकोस. हातात पांढरा सुती हातमोजा आहे. थोडं पुरळ उठलंय. थोडं म्हणजे बोटांच्या बेचक्यांत, तळहातावर आणि मनगटाच्या आतल्या अंगाला. लहानपणी माझ्या गुडघ्यांच्या मागे इसब यायचं, आठवतं? मी झोपेत खाजवू नये म्हणून आई माझ्या हातांत तुझे पायमोजे चढवायची आणि तू सकाळी ते परत मागायला माझ्या उशाशी उभा असायचास. तेच इसब इतक्या वर्षांनी जुन्या ओळखीवर मुक्कामाला आलंय.

आईचं निदान तयारच आहे. "मनातलं अंगावर फुटतंय तुझ्या. भावाशी बोल, आपोआप बसेल." आईला डॉक्टर व्हायचं होतं, हे तुला ठाऊक नसेल. मलाही गेल्या महिन्यातच कळलं.

तर मुद्दा असा, की याचा तुझ्याशी काहीएक संबंध नाही. ते आधीच स्पष्ट करते. बहिऱ्यांच्या शाळेतल्या तुझ्या त्या मुलाखतीबद्दलही, जिथे मी तुझी दुभाषी म्हणून आले होते, एकदाच लिहिते आणि विषय संपवते.

मुख्याध्यापकांनी तुला विचारलं, "एकही खूण न येणारं मूल पहिल्या दिवशी वर्गात आलं, तर काय कराल?" तू हात उचललेस आणि मी बोलायला लागले. तुझे हात थांबले तरी मी बोलतच होते, कारण तुझं उत्तर मला माहीत होतं. चांगलं उत्तर होतं, भुंग्या. तू टेबलावर थाप मारलीस, त्यांच्याकडे बघत खुणा केल्यास: हिला बाहेर जायला सांगा. आता दुभाषीचं काम काय? समोरचा जे म्हणेल ते, तो म्हणेल तसं म्हणायचं. म्हणून मी माझ्याच तोंडाने, खणखणीत आवाजात मुलाखत घेणाऱ्या तिघांना सांगितलं, "हिला बाहेर जायला सांगा." आणि पर्स उचलून बाहेर गेले. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून इतकं अचूक भाषांतर झालेलं नाही.

पुढचं तू कागदावर लिहून दिलंस, नोकरी मिळाली, तू गेलास. उत्तम झालं. बहिऱ्या मुलांना तुझ्यासारखा मास्तर मिळाला. पुरळ त्यानंतर महिन्याभराने उठलं. मधला तो महिना माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

बाकी सगळं ठीक. आई ठीक. जेवत जा.

तुझी ताई

२२ नोव्हेंबर

भुंग्या,

त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर, तोंड फटकळ. मला एकदम आवडल्या. त्यांनी माझे दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि बराच वेळ उलटेपालटे करून बघितले.

"काम काय करता?"

"हाताने बोलते."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. मी समजावून सांगितलं की बहिऱ्या माणसांची आणि ऐकणाऱ्यांची गाठ घालून द्यायची, दवाखान्यात, बँकेत, कोर्टात, जिथे बोलावतील तिथे. मग त्यांनी विचारलं, "सध्या मनावर काही ताण? घरात काही?"

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. माझ्यावर विश्वास बसला नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

आता माझ्या पाठीवर चिकटपट्ट्या लावल्यात. प्रत्येक पट्टीखाली वेगळा पदार्थ: रबर, अत्तर, धातू आणि काय काय. ज्याच्याखाली कातडी लाल होईल, तो गुन्हेगार. तोवर अंघोळ बंद. आई माझ्यापासून चार हात लांब बसून भाजी निवडते आणि म्हणते, "पाठीवर कशाला शोधतायत? मला विचारायचं."

शाळा कशी आहे? हा प्रश्न आहे, टोमणा नाही.

ताई

३ डिसेंबर

प्रिय भुंग्या,

निकाल लागला. तू निर्दोष सुटलास!

गुन्हेगार दोन आहेत. एक, रबर. भांडी घासताना आणि लादी पुसताना मी जे पिवळे हातमोजे घालते, ते. दुसरा, माझ्या आवडत्या क्रीममधला सुवास. म्हणजे हात फुटले म्हणून मी क्रीम चोपडत होते, त्याने ते आणखी फुटत होते, मग पाणी लागू नये म्हणून रबरी मोजे चढवत होते, आणि मग तर दिवाळंच निघत होतं. मी डॉक्टरबाईंसमोर टाळ्या वाजवल्या. दुखऱ्या हातांनी वाजवल्या.

आईला कागद दाखवला. "बघ, रबर. मन नाही, रबर." आईने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली आणि म्हणाली, "हे मोजे तू कधीपासून घालतेस?"

"पाच-सहा वर्षं झाली."

"मग पाच-सहा वर्षं रबर काय झोपा काढत होतं?"

मी ते डॉक्टरबाईंना विचारलं, सहज म्हणून. त्या म्हणाल्या की असं होतं, कातडी वर्षानुवर्षं सोसते आणि मग एक दिवस सोसत नाही. मला ते उत्तर फारसं आवडलं नाही, पण शास्त्र आहे, मान्य करायला हवं.

आता नवे मोजे, बिनवासाचं चिकट मलम, आणि लाल झालेल्या जागी दुसरं, जोरकस मलम. हात तुपात बुडवल्यासारखे दिसतात. दाराच्या कड्या माझ्याकडून उघडत नाहीत. पण उतार पडलाय. महिनाअखेर मी पूर्ववत.

ताई

२८ डिसेंबर

भुंग्या,

पूर्ववत झाले नाही.

पहिले दोन आठवडे झकास गेले. मग पुन्हा भडकलं, पहिल्यापेक्षा जास्त. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. मूठ वळली की उघडतात. परवा दवाखान्यात एका बहिऱ्या आजींसाठी गेले होते. आजी माझ्या खुणा वाचायच्या सोडून माझ्या हातांच्या सालपटांकडेच बघत राहिल्या, आणि शेवटी डॉक्टरांना माझ्यामार्फतच विचारलं, "आधी हिला तपासता का?" मला ते बोलून दाखवावं लागलं. डॉक्टर हसले, मीही हसले. घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मनगट टेबलाच्या कडेवर घासत राहिले. किती वेळ, ते आईने येऊन माझा हात धरला तेव्हा कळलं.

मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते म्हण.

"रबर सोडलं, क्रीम सोडलं, थंड पाण्यात हात घालत नाही. तरी हे का?"

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "ताण नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"ऐका. रागावलं म्हणून कुणाला इसब उगवत नाही. लोक असं बोलतात आणि आधीच खाजेने हैराण झालेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक दोष बसवतात. तुमची कातडी जन्मापासूनच कोरडी, कुंपण कच्चं. त्यात रबर आलं, थंडी आली. पण मन ताणलं की झोप उडते, खाज जास्त टोचते, हात आपोआप जातो. खाजवलं की कातडी बिघडते, ती बघून मन आणखी ताणतं. हे चाक आहे. चाक कुठूनही अडवता येतं. मलमाने मी माझ्या बाजूने अडवते."

"आणि माझ्या बाजूने?"

"ते मला काय माहीत? तुम्ही नेमकं कधी खाजवता, तेवढं बघा."

मी बघितलं. आता तू हसशील किंवा पत्र बाजूला ठेवशील, पण मी बघितलं. आई बोलते तेव्हा मी खाजवत नाही. काम करताना नाही. मी खाजवते ते फोनवर तुझा अंगठा आल्यावर. मी दहा ओळी लिहिते, तू अंगठा दाखवतोस, आणि माझा हात मनगटाकडे जातो. आम्हा ऐकणाऱ्यांना राग आला की आम्ही आवाज चढवतो. तुझ्यावर आवाज चढवून उपयोग नाही, हे मी सहा वर्षांची असल्यापासून जाणते. मी तुझ्याशी सगळी भांडणं हाताने केली. तू समोरून गेल्यावर त्या हातांनी काय करायचं, हे त्यांना कळलं नसावं.

मी रागावले होते, भुंग्या. अजून आहे. तू बाहेर जायला सांगितलंस याचा नाही. ते तू मला एकटीला गाठून सांगू शकला असतास, आणि तू ते माझ्याच तोंडून चारचौघांत वदवून घेतलंस, याचा.

झालं. लिहिलं.

आता कामाचं. एक खटला आहे. बाई बहिरी आहे, कधी शाळेत गेली नाही, घरात आपापल्या बनवलेल्या खुणांवर वाढली. गालाला खळी पडते म्हणून मी तिला खळी म्हणते. नवरा अपघातात गेला. चार वर्षांची मुलगी आहे, तिला ऐकू येतं आणि ती चुरूचुरू बोलते. सासरच्यांनी मुलीचा ताबा मागितलाय. त्यांचं म्हणणं, आई बहिरी, मुलीला सांभाळणार कशी? जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खळीची साक्ष आहे.

मी तिला चारदा भेटले. निम्मं कळतं, निम्मं निसटतं. तिच्या खुणा आपल्या नाहीत. एकही खूण न येणारं मूल पहिल्या दिवशी वर्गात आलं तर काय करायचं, याचं उत्तर मला पाठ आहे, पण करता तुला येतं. शिवाय माझी बोटं वाकत नाहीत. कोर्टात तिचं एक वाक्य माझ्यामुळे अडखळलं, तर त्याची किंमत ती मुलगी देईल.

तू ये. खळीच्या खुणा तू समजून घे, तू मला आपल्या खुणांत सांग, मी बोलेन. खळीच्या वकिलांनी कोर्टाची परवानगी काढलीय. मी त्यांना तुला न विचारताच तुझं नाव दिलं. त्याबद्दल येऊन भांड.

ताई

४ जानेवारी

भुंग्या,

तुझा मेसेज: "येतो. हात माझे, आवाज तुझा. मध्ये बोलायचं नाही."

मंजूर. आईने तुझी गादी उन्हात टाकलीय आणि शेजारीपाजारी सांगत सुटलीय की मुलीच्या हाताला आता उतार पडणार. मी तिला सांगितलं, थंडी फेब्रुवारीपर्यंत आहे.

ताई

२९ जानेवारी

प्रिय भुंग्या,

तू तिथे होतास. जे बघितलंस ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण तुला ऐकू न आलेलं बरंच काही त्या दिवशी झालं, आणि निकालाच्या गडबडीत ते सांगायचं राहिलं. तू गाडीत बसलास तेव्हा माझे हातही दमले होते. म्हणून लिहिते.

आधी स्टेशनवरचं. तू उतरलास, माझे पट्ट्या बांधलेले हात बघितलेस, आणि खूण केलीस, घसा, मग हात: तुझे हात घोगरे झालेत. मी हसले ते तू बघितलंस. त्या हसण्याला इतका मोठा आवाज होता की हमालाने वळून बघितलं, हे तुला सांगते.

कोर्टात तू खळीसमोर बसलास आणि तिचे हात हातात घेऊन नुसता थांबलास, तेव्हा सासरकडचे वकील पुटपुटले, "इथे साक्ष चाललीय की नमस्कारचमत्कार?" न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्हाला घाई असेल तर बाहेर थांबा." मला तो शब्द, बाहेर, ऐकून फार बरं वाटलं. या वेळी तो माझ्यासाठी नव्हता.

पहिल्या तीन-चार प्रश्नांना माझा आवाज नेहमीचा, कामाचा होता. "मी सकाळी उठते. मी तिची वेणी घालते." 'मी' म्हणजे खळी. तुझ्या हातांतून ती इतकी सरळ येत होती, की मला काही विचारच करावा लागत नव्हता. तू मध्ये दोनदा थांबलास. माझ्या जिभेवर पुढचं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. तू तिच्याकडे वळून पुन्हा विचारलंस, आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं ते माझ्या जिभेवरचं नव्हतंच.

मग वकिलांनी तो प्रश्न विचारला. तुला त्यांचा चेहरा दिसला असेल, सूर नाही. सूर अगदी मऊ होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. "झोपेत मुलगी रडली, तर तुम्हाला कळणार कसं?"

खळीचं उत्तर मी तुझ्या हातांत वाचलं आणि तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. माझं असं कधी होत नाही. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सावकाश. वेळ घ्या." तुला वाटलं मला खूण समजली नाही, म्हणून तू तीच पुन्हा केलीस, हळू. मला ती पहिल्याच वेळी समजली होती. मग मी बोलले, आणि माझा आवाज फाटला होता:

"ती माझ्याजवळ झोपते. माझा हात तिच्या पाठीवर असतो. रडू आधी पाठीत येतं. तुम्हाला ऐकू येईपर्यंत मी तिला उचललेलं असतं."

त्यानंतर काय आवाज आला, सांगू? वकिलांनी कागद चाळले, तो कागदांचा आवाज. मग सासूबाई, ज्यांनी सकाळपासून खळीकडे पाहिलंही नव्हतं, त्यांनी पदराआड नाक ओढलं. आणि बाहेरच्या बाकावरून मुलीचा आवाज, "आईचं झालं का?" तो आवाज दारातून आत आला तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. खळीची तेवढी वळली नाही. म्हणून मी पट्टी बांधलेल्या हाताने तिला खूण केली, वेडीवाकडी: मुलगी, तुला, विचारते. ती हसली. खळी पडली. तो दिवसभरातला माझा एकटीचा संवाद.

निकाल तुझ्यादेखत लागला, मुलगी आईकडे राहणार, आजी-आजोबांनी रविवारी भेटायचं. पण सगळे उठल्यावर न्यायाधीशबाई आपल्या कारकुनाला काय म्हणाल्या, ते तुला माहीत नाही. "त्या मास्तरांचं नाव-पत्ता घेऊन ठेवा. पुढच्या वेळी त्यांनाच बोलवू." माझं नाव नाही विचारलं. मी तिथेच उभी होते. मला इतका आनंद झाला की मी कारकुनाला तुझा पत्ता दोनदा सांगितला. पत्ताच सांगितला फक्त, 'तो येईल' असं तुझ्या वतीने नाही.

दुसऱ्या दिवशी हात सडकून भडकले. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला वाटलं होतं, भाऊ आला की चमत्कार होईल. डॉक्टरबाई म्हणाल्या, पट्ट्यांचा घाम, थंडी, दगदग, आणि मलम लावायचा आळस. मलम लावते आहे.

पण झोप लागते. आणि मी खाजवताना स्वतःला पकडते, बहुतेक वेळा.

तुझी ताई

१७ मार्च

प्रिय भुंग्या,

काल कॉलवर आपण इतकं भांडलो की आई मध्ये येऊन उभी राहिली आणि तिच्या मोडक्यातोडक्या खुणांनी तुला म्हणाली, "सून कधी आणतोस?" म्हणायचं तेच होतं. केलेली खूण 'साबण'ची होती. तुझी होणारी बायको मागे बसून हसत होती. ती ऐकणारी असून तुझ्याशी खुणांनी इतकी भरभर भांडते, हे बघून मला तिच्याबद्दल आदर वाटतो आणि तुझ्याबद्दल काळजी.

पत्र अशासाठी, की तू एक गोष्ट विचारलीस आणि मी कॉलवर विषय बदलला. लग्न नोंदणी कार्यालयात आहे, तिच्याकडची माणसं ऐकणारी, तुझे मित्र बहिरे, मध्ये दुभाषी हवी. तू म्हणालास, "ताई, तू नको. मी दुसरी ठरवलीय." आणि मी आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागले.

हात सांगते: सध्या चांगले आहेत. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक रुपयाएवढा डाग ठाण मांडून बसलाय, बाकी कातडी माणसासारखी झालीय. आई म्हणते मी जिंकले, डॉक्टरबाई म्हणतात मलम जिंकलं. मी दोघींना हो म्हणते. रबरही होतं आणि रागही होता. रबराचे मोजे मी फेकले. राग थोडा शिल्लक आहे, पण तो आता मी तुझ्यावर काढते, मनगटावर नाही. तू "दुसरी ठरवलीय" म्हणालास तेव्हा हात मनगटाकडे निघाला होता. अर्ध्यावरून परत आणला आणि आईचे गुडघे काढले. रात्रभर विचार केला, तो आता कळवते.

तुझं बरोबर आहे. मी तिथे उभी राहिले तर दोन्ही बाजूंचं सगळं ऐकेन, सगळं सांगेन, आणि तुझं लग्न बघायचंच राहील. तुझ्या प्रत्येक वाक्याचं मी आजवर कुणासाठी ना कुणासाठी भाषांतर करत आले. एक दिवस मला तुझं बोलणं फक्त माझ्यासाठी बघू दे.

साक्षीदार म्हणून सही करायला ये म्हणालास, ती करते. अंगठ्यावरचा डाग असला तरी सही येते. तुझ्या त्या दुभाषीला मी ओळखते. कामाला चोख आहे, पण तिला वेळेवर पोचायची सवय नाही. ती उशिरा आली तर तू सवयीने माझ्याकडे बघशील. खुशाल बघ. मी पहिल्या रांगेत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली असेन, आणि जागची हलणार नाही.

तुझी ताई